मधली रिळं

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. आठ वर्षांची आहे. आई खिडकीपाशी मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसलेली, आणि आम्ही दोघी पलंगावर पालथ्या पडून लॅपटॉप बघत होतो. तिचं कार्टून संपल्यावर मी म्हटलं, आता मी लावते ते बघ, आपल्याकडचा अगदी पहिल्या दिवसांतला सिनेमा. आणि 'राजा हरिश्चंद्र' लावला. राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, शेजारी राणी कौतुकानं बघतेय, सगळं करड्या पावसाच्या सरींमागून दिसावं तसं. राणीचं काम पुरुषानं केलंय हे तिनं लगेच ओळखलं, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. शाळेच्या नाटकात तिच्या वर्गातली एक मुलगी शिवाजी झाली होती, त्यामुळे तिचा हिशोब बरोबर बसला. मग राजा शिकारीला गेला, विश्वामित्र भेटले. आणि थोड्याच वेळात एकदम तीच राणी गुडघ्यांवर, राजाच्या हातात शस्त्र, आणि शंकर प्रकट झालेले. संपलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, मधलं कुठे गेलं?"

"हरवलं गं."

"कुणी हरवलं?"

मी काहीतरी बोलले. खूप जुनी गोष्ट आहे, तेव्हा नीट ठेवायची सोय नव्हती, असंच काहीतरी. तिनं मान डोलावली आणि फराळाच्या डब्याकडे गेली. तिच्यापुरतं संपलं. मला मात्र तो प्रश्न रात्री झोपू देईना. "कसं हरवलं" असं तिनं विचारलं असतं तर मी सांगू शकले असते. तिनं विचारलं होतं, कुणी.

चार रिळांचा सिनेमा होता तो, सुमारे ३,७०० फूट. पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाती लागलं, आणि तेही १९१३चं नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाचं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मधलं गेलं. म्हणजे काय काय गेलं ते बघा. काशीच्या बाजारात राजानं स्वतःला विकलं, बायकोला विकलं, ते गेलं. त्यांच्या मुलाला, रोहिदासाला, साप चावला, ते गेलं. जे सोसणं ऐकून आपल्या आज्या पदरानं डोळे पुसायच्या ते सगळं मधल्या रिळांत होतं, आणि आपल्याकडे राहिलं एका टोकाला सुख आणि दुसऱ्या टोकाला देव. गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ३ मे १९१३ला हा चित्रपट लागला तेव्हा बघायला आलेल्यांना गोष्ट तोंडपाठ होती. त्यांच्यासाठी एखादं रीळ तुटलं असतं तरी त्यांनी ते मनातल्या मनात जोडून घेतलं असतं. माझ्या भाचीला गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून तिला भोक दिसलं.

भोकांवरून मला सरस्वतीबाई आठवतात, फाळक्यांची बायको.

१९१२ साली फाळके लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेतलं. त्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांविना यायची. भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालणार नाही, आणि उजेडात उघडली तर वाया जाणार. म्हणून हे काम रात्री, खोली बंद करून, फारतर तांबड्या दिव्यात करायचं. दादरच्या त्या घरात हे काम सरस्वतीबाई करायच्या. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवत उभं राहणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, आणि सगळं घर झोपल्यावर भोकं. मी एकदा कागदावर हिशोब मांडून बघितला. एका फुटात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार चार अशी आठ भोकं. ३,७०० फुटांच्या ५९,२०० चौकटी, आणि भोकं चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. ही एका प्रतीची. निगेटिव्हची वेगळी, वाया गेलेल्या फिल्मची वेगळी. यंत्र असलं तरी फिल्म त्यात सरळ सरकवायचं काम हाताचंच, आणि एक भोक तिरकं गेलं तर पडद्यावर राजवाडा हलणार. अंधारात तिनं बोटांनी कड चाचपली असेल. आपण काथवटीची कड चाचपतो, बाळाचा ताप चाचपतो, तसंच. शिकायला कुणी गुरू नव्हता. फाळक्यांनी दाखवलं आणि ती करत गेली. पडद्यावर दाबके राजा म्हणून दिसले, अण्णा साळुंके तारामती म्हणून दिसले, आणि या बाईच्या हातचं जे काही होतं ते नेमकं पडद्याच्या चौकटीबाहेर राहिलं, कारण भोकं कधी पडद्यावर येत नाहीत.

आईचं मशीन पायाचं आहे, माझ्या जन्माच्या आधीचं. त्याच्याखाली बसून मी लहानपणी तासन्‌तास कापडाकडे बघायचे. वरून बघितलं तर कापड सुळसुळ पळताना दिसतं. पण डोळे सुईच्या पायथ्याशी नेले की कळतं, ते पळत नाहीच. खालचे दाते वर येतात, कापड इवलंसं पुढे ओढतात, खाली जातात. कापड थांबतं. त्या थांबलेल्या क्षणी सुई आत शिरते. पुन्हा दाते वर. पुढे फार वर्षांनी कुठेतरी वाचलं की सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या फ्रेंच लुई ल्युमिएरला फिल्म पुढे सरकवायची युक्ती शिलाई मशीनच्या चालीवरून सुचली होती, एका रात्री झोप येत नसताना. वाचून मी उठले आणि जाऊन आईच्या मशीनचं झाकण उघडून बघितलं. खरंच तेच होतं. कॅमेऱ्यातला दुबोटी आकडा भोकांत शिरतो, फिल्म एक चौकट खाली ओढतो, बाहेर येतो. फिल्म थांबते. ती थांबली असतानाच झडप उघडते आणि उजेड आत येतो. हलणारं चित्र हवं असेल तर प्रत्येक चित्राला क्षणभर स्तब्ध उभं राहावं लागतं, आणि पुढे सरकतानाचा वेळ अंधारात झाकावा लागतो. सिनेमागृहात आपण त्या काळी बघायला बसलो असतो तर त्यातला बराच वेळ आपण काळाच पडदा बघितला असता, आणि आपल्याला ते कळलंही नसतं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६च्या संध्याकाळी ल्युमिएरचा सिनेमा बघायला एकेक रुपया देऊन बसलेल्या लोकांनाही कळलं नसेल.

फाळक्यांविषयी माझ्या मनात सरळ एकच भावना नाही. मटाराचं बी कुंडीत लावून, रोज थोडं थोडं, एकेक चौकट टिपत त्यांनी त्याला वेल होताना दाखवलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. भांडवल देणाऱ्याला पटवायला माणूस मटाराचा वेल दाखवतो, केवढा विश्वास असेल! सिनेमाच्या वेडापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, आणि बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसले. विम्याची पॉलिसी गहाण, मग सरस्वतीबाईंचे दागिने. आणि मग तो रोहिदासाचा किस्सा. रोहिदासाचं काम करत होता त्यांचाच मुलगा, भालचंद्र. बाहेरगावी चित्रीकरण चालू असताना पोरगा खेळताना दगडावर पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. प्रसंग घ्यायचा होता तो नेमका रोहिदासाच्या मृत्यूचा. मुलाला मुंबईला न्या असं लोक म्हणत होते, आणि फाळक्यांनी तशाच बेशुद्ध मुलावर तो प्रसंग घेतला, असं सांगतात. ध्येयवेडाचं उदाहरण म्हणून हा किस्सा भाषणांतून येतो. मला तो ऐकवत नाही. मला त्या मुलाची आई दिसते. तिनं भोकं पाडलेल्या फिल्मवर तिच्याच मुलाचं निपचित पडलेलं अंग उमटत होतं. रागवावं की हात जोडावेत हे मला आजही ठरवता येत नाही, आणि त्या प्रसंगाचं रीळ हरवल्यामुळे ते बघून ठरवायची वाटही बंद झाली.

आता "कुणी हरवलं" याकडे येते. त्याच्यासाठी मला आजोळी जावं लागेल.

आजोळ सातारा जिल्ह्यात. थंडीत जत्रा भरायची आणि जत्रेत सिनेमाचे तंबू यायचे. ८२-८३ साल असेल. शेताच्या मोकळ्या रानात तंबू ठोकलेला, खाली बसायला घरून आणलेलं पोतं किंवा घोंगडं, मधोमध दोरी बांधून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. जनरेटरची धडधड, बिडीचा धूर, कुणाच्या तरी लहान्याचं रडणं, आणि डोक्यावरून पुढे गेलेला तो उजेडाचा सोट, ज्यात धूळ नाचायची. मला पडद्यापेक्षा तो सोटच जास्त आवडायचा. जुनेपाने, काळेपांढरे मराठी सिनेमे यायचे. शंभर गावं फिरून आलेल्या फिल्मा, वारंवार तुटायच्या. तुटली की शिट्ट्या, आरडाओरडा. यंत्रावरचा माणूस फाटलेला तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायचा, आणि कापलेला तुकडा मागे टाकून द्यायचा. सकाळी आम्ही मामेभावंडं तंबूच्या मागे ते तुकडे वेचायला जायचो. दवानं ओल्या गवतात काळ्या चकचकीत पट्ट्या, एखाद्या किड्यासारख्या वळलेल्या. मामेभावाकडे गेलेला एक बल्ब होता, त्यातलं पोट काढून त्यानं पाणी भरलं होतं. ते आमचं भिंग. दार लावायचं, बाहेर एकानं आरसा धरून उन्हाचा कवडसा फटीतून आत सोडायचा, मध्ये पट्टी, पुढे पाण्याचा बल्ब, आणि भिंतीवर आजोबांचं धोतर. पट्टी उलटी धरली की चित्र सुलटं. आमच्या चित्रातलं कुणी कधी हललं नाही, पण आम्ही तोंडानं बोलायचो त्यांच्या वतीनं.

आणि मग एका सुट्टीत कुणीतरी शोध लावला की गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात पट्टी बुडवली की चित्र सुटून येतं.

पत्र्याचा पांढरा मग होता, निळ्या काठाचा. त्यात आजीनं चुलीवरचं पाणी ओतून दिलं. पट्टी टाकली, काडीनं ढवळलं, बोटानं चोळलं. चित्र बुळबुळीत होऊन निघून यायचं, पाण्यात काळे धागे धागे पसरायचे, आणि हातात यायची स्वच्छ, आरपार पट्टी. आम्हाला पुठ्ठ्याच्या घराला काचेच्या खिडक्या हव्या होत्या. चौदा खिडक्या केल्या मी. सुंदर झालं होतं घर. मगातलं काळं पाणी अंगणातल्या जाईच्या आळ्यात ओतलं. ते काळं म्हणजे चांदी होती, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचं काळं म्हणजे सरसात बसलेले चांदीचे बारीक कण; माणसाची सावली, केस, डोळ्यांची बुबुळं, सगळी चांदीची.

आम्ही अंगणात जे खेळलो, तेच बाहेर व्यापारानं केलं. चालून चालून झिजलेल्या फिल्मा वजनावर विकल्या जायच्या, त्यातली चांदी काढून घ्यायला. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले आज तीसही धड सापडत नाहीत. आग लागून गेले, दमट हवेनं चिकट होऊन गेले, आणि बरेच असे चांदीपायी गेले. सरस्वतीबाईंच्या अंगावरचं सोनं उतरलं तेव्हा फिल्म आली, आणि त्या पिढीच्या कितीतरी फिल्मांची पुढे कुठल्यातरी भट्टीत चांदी झाली. कुणाच्या हातात कडं म्हणून ती आजही असेल. या विचारानं मला दुःख होतं आणि कुठेतरी बरंही वाटतं, आणि बरं वाटल्याचं पुन्हा वाईट वाटतं.

परक्यांनी हरवलं ते सोडा, स्वतःच्या हातानं हरवणारेही आहेत. पॅरिसमध्ये एमिल रेनो नावाचा माणूस ल्युमिएरच्याही आधी, १८९२ पासून, हातानं रंगवलेल्या चित्रांच्या लांब पट्ट्या पडद्यावर चालवून दाखवत होता. त्याच्याही पट्ट्यांना भोकं होती. सिनेमा आला आणि त्याच्याकडे कुणी फिरकेना. अखेरच्या वर्षांत त्यानं आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत टाकून दिल्या. आपल्या सिनेमात चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसवणाऱ्या जॉर्ज मेलियेसच्या फिल्मांच्या प्रती युद्धकाळात फ्रेंच सैन्यानं वितळवल्या, बुटांच्या टाचांना माल हवा होता म्हणून. आणि १९२३ साली, कर्जापायी जागा सोडताना, उरलेल्या निगेटिव्ह त्यानं स्वतः जाळल्या. नंतर तो मोंपार्नास स्टेशनात खेळणी विकत बसायचा. मेलियेसच्या जाळण्यात मला संताप दिसतो, तो समजतो. रेनोचं मात्र समजत नाही. नदीत टाकताना त्या पट्ट्या एकदम बुडाल्या असतील, की थोडा वेळ उलगडत तरंगत गेल्या असतील? एकेक चौकट पाण्यावर, रंगीत. आपल्याकडे निर्माल्य पाण्यात सोडतात तेव्हा पाठ फिरवायची नसते म्हणतात. त्यानं बघितलं असेल का शेवटपर्यंत?

जपणारेही होते, हे भाचीला सांगायला हवं होतं. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं गावोगाव हिंडून रिळं गोळा केली. फाळक्यांच्या सिनेमाचं जे काही आज दिसतं ते नाशिकला त्यांच्या घरच्यांकडे पडलेल्या तुकड्यांतून हाती आलंय. 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झालीय, ती नागाच्या फण्यावर नाचताना आपल्याला बघता येते ती या हिंडण्यामुळे. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. २००३च्या जानेवारीत पुण्यातच संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट रिळांना आग लागली. बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात होते. कुणाला सांगावं ते कळेना, कारण आपल्या घरचं काही जळलंय असं वाटत होतं आणि तसं म्हणायला काही आधार नव्हता.

परवा, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, भाची आईच्या मशीनपाशी उभी होती. आई तिला हरिश्चंद्राची मधली गोष्ट सांगत होती. कधी सुरू केली मला माहीत नाही, मी आत आले तेव्हा रोहिदास फुलं तोडायला निघाला होता. मशीन चालू, गोष्ट चालू. शिवण वळणावर आली की आई पाय थांबवायची आणि गोष्टही थांबायची, कापड फिरवून झालं की दोन्ही पुढे. साप आला तिथे मुलीनं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईनं तिला सगळं सांगितलं, स्मशानात हरिश्चंद्र कर मागतो तेसुद्धा, काही वगळलं नाही. मला वाटलं होतं आता ही रडेल. ती रडली नाही, तिनं विचारलं, "म्हणजे हे मधल्या सीडीत होतं?" आई म्हणाली, "हो, रिळात."

मी तिला बाहेर ओट्यावर घेऊन बसले आणि त्या पत्र्याच्या मगाची गोष्ट सांगितली. सोडा, गरम पाणी, काडी, पुठ्ठ्याचं घर. तिनं परवा "कुणी" विचारलं होतं, म्हणून सांगितली. तिला खिडक्यांचं फार आवडलं. चौदा खिडक्या कुठे कुठे होत्या ते तिनं नीट विचारून घेतलं. मग थोडा वेळ गप्प बसली.

"त्यात चित्र काय होतं?"

तेवढं मला आठवतं, कारण धुवायच्या आधी मी एकेक पट्टी उन्हाकडे धरून बघितली होती. एक बाई होती. नऊवारीतली, दाराशी उभी. तिच्या हातात बहुतेक कंदील. ती मागे वळून बघत होती. प्रत्येक चौकटीत तीच बाई, तसंच वळणं, फक्त मान केसभर जास्त वळलेली.

"कुणाकडे बघत होती?"

"ते पुढच्या तुकड्यात असणार," मी म्हटलं. "तो आम्हाला गवतात सापडला नाही."